एका नॉबचा बुधवार

सकाळी ८.४०

शटरला दोन कुलपं. मिस्त्री उकिडवे बसून दोन्ही काढतात, शटर कमरेपर्यंत उचलतात आणि पुढचं हेल्परवर सोडतात. नाना पेठ संपून भवानी पेठ सुरू होते, तिथल्या एका बोळातलं हे गॅरेज. रुंदी दहा फूट, खोली अठरा. आत एकच गाडी मावते. बाकीची कामं बाहेर, गटाराच्या फरशीला लागून. भाडं महिना चौदा हजार, वीजबिल वेगळं.

मिस्त्री हडपसर गाडीतळाहून स्प्लेंडरवर येतात. पूलगेटला आज सिग्नल बंद होता, दहा मिनिटं तिथेच गेली. हेल्पर कात्रजहून बसने येतो. पोरगा एकोणीस वर्षांचा, लातूर जिल्ह्यातला. औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून इथे लागला. रोज चारशे रुपये. चहा-नाश्ता मिस्त्रींकडून, जेवण स्वतःचं. कात्रजला एका खोलीत चौघं राहतात.

तो आधी झाडू मारतो, मग पाणी शिंपडतो, मग उदबत्ती. त्यानंतर हत्यारं. रिंग पाने एका ओळीत, गोटी पाने लाकडी खोक्यात, पकडी खिळ्यांवर. प्रत्येक खिळ्यामागे भिंतीवर त्या हत्याराचा आकार रंगाने काढलेला आहे. संध्याकाळी एखादा आकार रिकामा दिसला, की ते हत्यार गाडीत राहून गेलंय हे लगेच कळतं.

सकाळी ९.१०

वॅगन आर. ऑईल आणि फिल्टर. मजुरी तीनशे. पोरगा एकटा करतो, मिस्त्री फक्त ड्रेनचा नट शेवटी स्वतः आवळून बघतात. पाऊण तासात गाडी गेली.

सकाळी १०.०५

पांढरी मारुती ८००, एमएच १२, मॉडेल २००४. काका स्वतः चालवत आलेत. वय सत्तरीच्या पुढे, अर्ध्या बाह्यांचा खादीचा शर्ट, खिशात चष्म्याची डबी. पीएमटीत बस ड्रायव्हर होते. २००७ मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली, त्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाले. या बोळात त्यांना सगळे काका म्हणतात, मिस्त्रीही.

"गिअरची मूठ फिरतीये," काका म्हणतात. "काल स्वारगेटला सिग्नलवर हातात उचलून येते की काय असं झालं. वाटलं, आता संपलं."

मिस्त्री दार उघडून आत वाकतात. नॉबला हात लावतात. काळा प्लॅस्टिकचा नॉब, वरून गुळगुळीत झालेला. गिअरच्या नकाशातले आकडे जवळजवळ पुसलेत. नॉब पाव वेढा फिरतो आणि अडतो. खाली रॉडभोवती पिवळट गम सुकलेला दिसतो. कुणीतरी मागे कधीतरी अॅराल्डाईट भरून बसवलाय.

मग मिस्त्री नॉब सोडतात आणि त्याच्या खाली, रॉडलाच धरून गिअर डावी-उजवीकडे हलवतात. न्यूट्रलमध्ये दांडा जितका हलायला हवा त्यापेक्षा बराच जास्त हलतो.

"काका, खालचे बुश पण गेलेत. लिंकेजचे."

"त्याचं किती?"

"सेट आणि मजुरी धरून नऊशे. गाडी वर घ्यावी लागेल."

काका मान हलवतात. "सात तारखेनंतर बघू. आज नॉब. उद्या सासवडला लग्न आहे, दिवे घाट चढायचाय. नुसत्या रॉडवर घाट कसा चढू?"

मिस्त्री पुन्हा एकदा रॉड हलवून बघतात. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स. सगळे पडतात, एकही सुटून बाहेर येत नाही. "चालेल. घाट होईल. पण परत आल्यावर बुश टाकून घ्या."

गाडी चांगली ठेवलीय. सीटकव्हर उसवलंय पण धुतलेलं आहे. पंधरा वर्षं झाल्यावर फेरनोंदणी केली, वीस झाल्यावर पुन्हा. दुसऱ्या वेळी पाच हजार फी भरली, त्याची पावती काका अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला हीच फी दहा हजार झाली, हेही त्यांना माहीत आहे. नवी ८०० पुण्यात मिळणं २०१० च्या एप्रिललाच थांबलं. धुराचे नवे नियम आधी तेरा शहरांत लागू झाले, त्यात पुणे होतं आणि सोलापूरही होतं. बाकी देशात ही गाडी २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत राहिली. सुट्या भागांची चिंता तरीही फारशी नाही, कारण हेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीतही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत चालली. इंजिनाचं काहीही या पेठेत तासाभरात मिळतं. वेळ लागतो तो अशा बारक्या वस्तूंना.

सकाळी १०.२५

नॉब काढायचं काम दिसायला दोन मिनिटांचं आहे. चांगल्या अवस्थेतला नॉब असेल तर दोनच मिनिटं लागतात. गिअरचं कव्हर खाली ओढायचं, नॉब डावीकडे फिरवत राहायचं, आटे संपले की हातात येतो. काही गाड्यांत नॉबच्या खाली चेकनट असतो, तो आधी ढिला करायचा. काहींना आटेच नसतात, नॉब दाबून बसवलेला असतो, तो सरळ वर खेचायचा. ओपेल कोर्सासारख्या गाडीत रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग उचलावी लागते. तिथे जोर लावला तर रिंगच तुटते, आणि मग रिव्हर्स पडत नाही. म्हणून मिस्त्री कुठल्याही गाडीत आधी बॅटरी लावून खाली बघतात, मग हात लावतात.

या नॉबमध्ये प्लॅस्टिकच्या पोटात धातूची बुश असते. आटे त्या बुशला. वर्षानुवर्षं हात पिळत राहिला की प्लॅस्टिक बुशवरून सुटतं. मग नॉब फिरतो पण वर येत नाही. त्यात गम भरला, की काही महिने निघतात आणि पुढचं काम अवघड होऊन बसतं.

पोरगा व्हाइस ग्रिप घेऊन आलाय. मिस्त्री ती परत ठेवायला लावतात.

"प्लॅस्टिक फुटंल. गरम पाणी आण."

शेजारच्या चहाच्या गाड्यावरून किटलीभर उकळतं पाणी येतं. पाच रुपये. चहावाला घेत नव्हता, मिस्त्रींनी ठेवायला लावले. नॉबला जाड चिंधी गुंडाळायची, खाली कव्हरवर प्लॅस्टिकची पिशवी आणि ट्रे, मग चिंधीवर थोडं थोडं पाणी. दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा ओतायचं. गम उष्णतेने मऊ पडतो. आगीने लवकर झालं असतं, पण मग नॉबही वितळला असता.

चौथ्यांदा पाणी ओतल्यावर मिस्त्री चिंधी काढतात आणि नॉबवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळतात. रबरावर हात सरकत नाही. डाव्या हाताने खाली रॉड धरलाय, उजव्याने पिळताहेत आणि त्याच वेळी वर ओढताहेत. कर्र असा आवाज. पुन्हा. नॉब वर येतो. बुश मात्र रॉडवरच राहिली, गंजलेली, भोवती गमाचे तुकडे.

"नॉब शाबूत आहे," मिस्त्री म्हणतात आणि काकांच्या हातात देतात. काका तो पुसतात, उलटा करून आतल्या भोकात बघतात, शर्टाच्या खिशात टाकतात.

सकाळी १०.५५

आता बुश. पोरगा डिझेल आणि ऑईल मिसळलेली बाटली आणतो, ब्रशने दोन थेंब आट्यांच्या तोंडाशी. वीस मिनिटं थांबायचं. या वेळात मिस्त्री बाहेरच्या सँट्रोची क्लच वायर बघतात. तुटायला आलीय, नवी साडेतीनशेची. पोरगा दुकानात जाऊन घेऊन येतो.

व्हाइस ग्रिपची वेळ आता आली. पण पोरगा एकीनेच पिळायला जातो तेव्हा मिस्त्री त्याचं मनगट धरतात. "रॉड धरल्याशिवाय पिळायचं नाही. सगळा जोर खाली लिंकेजवर जातो. आधीच बुश गेलेत." रॉडला पुन्हा ट्यूबची पट्टी, त्यावर दुसरी पक्कड. एक धरायची, एक फिरवायची. बुश पहिल्या झटक्याला हलत नाही. दुसऱ्यालाही नाही. मिस्त्री हातोडीने बुशच्या बाजूला हलके ठोके देतात, गंज सुटावा म्हणून. तिसऱ्या वेळी टक्क. मग सहज फिरत वर येते. पोरगा बुश हातात घेऊन बघतो. तिचे आटे आतून पार झिजलेत.

रॉडचे वरचे तीन आटे चेपलेत. आट्यांचं माप काढायला मिस्त्रींकडे नटांचा एक डबा आहे, जुन्या गाड्यांतून जमवलेला. पहिला नट सैल. दुसरा दोन आटे जाऊन अडला. तिसरा सरळ उतरला. "हे बघ, सगळ्यांचं सारखं नसतं," ते पोराला सांगतात. "होंडाचा दहाचा दीडच्या पिचचा, टोयोटाचा बाराचा सव्वाच्या पिचचा. नुसतं जाडी बघून नॉब आणलास तर दोन आटे चढतो, वाटतं बसला. मग जोर लावतोस आणि आटे खलास."

डाय लावतात. डाय बसवताना मिस्त्री बोलत नाहीत. सरळ बसली पाहिजे. तिरकी बसली की ती तिरकेच आटे कापत जाते. एक थेंब ऑईल, अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, कीस पडू द्यायचा, पुन्हा अर्धा पुढे. पोराला शेवटचा वेढा मारायला देतात. मग वेस्टने पुसून नट परत लावून बघतात. नट बोटाने खालपर्यंत उतरतो.

सकाळी ११.४०

नॉबची खरेदी. काका म्हणाले, नवा मिळत असेल तर बघू. मिस्त्री, काका आणि मी चालत निघतो. नाना पेठेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं. दुचाकीची वेगळी, चारचाकीची वेगळी, फक्त काचांची, फक्त हॉर्नची. हातगाड्यांवरून बंपर चाललेत. एका पोराच्या खांद्यावर सायलेन्सर.

पहिल्या दुकानात कंपनीचा नॉब ऑर्डरने येईल, शनिवारपर्यंत. लग्न उद्या.

दुसऱ्या दुकानात लोकल, काळा, एकशे ऐंशी रुपये. काका हातात घेतात. जुन्या नॉबपेक्षा डोकं मोठं आहे. "माझा पंजा बघा," ते दुकानदाराला म्हणतात आणि डावा हात उघडतात. अंगठ्याच्या बुडाशी आणि करंगळीखाली दोन जुने घट्टे. निवृत्तीला इतकी वर्षं होऊनही गेले नाहीत. "बसचा दांडा एवढा लांब असायचा. मूठ पूर्ण बंद झाली तरच जोर लागायचा. हा नॉब हातात मावत नाही, बोटं उघडी राहतात." त्यांच्या मधल्या बोटाचा सांधा सुजलेला आहे. तो पूर्ण मिटतही नाही.

तिसऱ्या दुकानात शोभेचे नॉब. आत प्लॅस्टिकचं गुलाब घातलेला पारदर्शक, लाकडी दिसणारा, कवटीचा, निळा दिवा लागणारा, अॅल्युमिनियमचा. दीडशेपासून नऊशेपर्यंत. सोबत तीन मापांच्या प्लॅस्टिकच्या बुश आणि बाजूने आवळायचे बारीक स्क्रू. कुठल्याही गाडीला बसतो, दुकानदार म्हणतो. मिस्त्रींना तो प्रकार पसंत नाही. तीन बारीक स्क्रूंच्या टोकांवर सगळा नॉब उभा असतो. स्क्रू रॉडमध्ये खड्डे पाडतात, सहा महिन्यांत सैल होतात, आणि तोवर रॉडचे आटे चेपलेले असतात. काकांची हरकत वेगळी. ते अॅल्युमिनियमचा नॉब उचलून परत ठेवतात. "एप्रिलमध्ये गाडी उन्हात तासभर उभी राहिली, तर याला हात लावता येईल का?"

दुकानदार पंख्याखाली बसलाय. बाहेर अडतीस डिग्री तरी असेल.

दुपारी १२.२०

बुधवार आहे. काकांना जुना बाजार आठवतो. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मिस्त्री पोराला स्प्लेंडर आणि शंभराची नोट देतात, सोबत रॉडवर बसलेला नट. "नट सोडू नकोस हातातला. प्रत्येक नॉबमध्ये हा नट ठेवून बघ, आटे जुळले तरच पैसे दे."

हे मला चुकीचं वाटलं आणि विचारलं. नट नॉबमध्ये कसा जाणार, दोघांनाही आटे आतून. मिस्त्री मान डोलावतात, डब्यातून त्याच मापाचा तुकडा बोल्ट शोधतात आणि नटाच्या जागी बोल्ट देतात.

पोरगा पाऊण तासाने परत. कपाळावर घाम, हातात दोन नॉब, चाळीस रुपयांत. बाजारात ताडपत्रीवर पाने, नळ, घड्याळं, पंख्याची पाती, फोनचे चार्जर आणि एका पोत्यात नुसते नॉब आणि दाराची हँडल. त्याने पोतं उलटं करून बघितलं. दोनातल्या एकाला बोल्ट सरळ बसला, पण त्याला उभी चीर आहे. दुसऱ्याचं प्लॅस्टिक धडधाकट आहे, पण बोल्ट दीड आटा जाऊन थांबतो. दुकानदार म्हणाला, गाडीवर बसेल. मिस्त्री दोन्ही हातात घेऊन बघतात, काही बोलत नाहीत, नॉबच्या डब्यात टाकतात.

हा डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. त्यात अॅम्बॅसडरचा आहे, झेनचा आहे, इंडिकाचे चार आहेत. इंडिका इथलीच, पिंपरीच्या कारखान्यातली, १९९८ च्या शेवटी बाजारात आली. आणि प्रीमियर पद्मिनीचा एक आहे, बारीक, स्टीअरिंगच्या बाजूच्या दांड्याचा. जुन्या पद्मिनीत गिअर खाली नसायचाच. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपली. मिस्त्रींच्या डब्यातला नॉब त्याच्याही आधी, दहा वर्षांपूर्वी आलाय. टाकवत नाही, म्हणाले, कधी कुणाला लागेल सांगता येत नाही.

दुपारी १.१५

आता दोनच रस्ते. एकशे ऐंशीचा मोठ्या डोक्याचा नॉब, नाही तर जुन्याच नॉबमध्ये नवी पितळी बुश.

मिस्त्री हिशेब सांगतात. लेथचे दीडशे. गम चाळीसचा. मजुरी दोन्हीकडे तीच. "काका, नवा स्वस्त पडतो. वेळही वाचेल."

काका खिशातून जुना नॉब काढतात. दोन बोटांत धरतात, मग मूठ मिटतात. मधलं बोट सोडून बाकीची पूर्ण मिटतात. "हाच बसवा."

मिस्त्री दुसऱ्यांदा सांगत नाहीत. ही गोष्ट मला आवडली. स्वस्त काय, हे सांगायचं काम त्यांनी केलं. हात मात्र काकांचा.

दुपारी १.३५

जेवण. पोराचा डबा खोलीवरच्या चौघांनी पाळीपाळीने करायचा. आज त्याची पाळी नव्हती, म्हणून भेंडी आहे आणि चपात्या गोल आहेत. मिस्त्रींच्या डब्यात मेथी, भाकरी, ठेचा. काकांना आग्रह होतो. ते अर्धी भाकरी घेतात. बोलणं पालखीवर येतं. जून-जुलैमध्ये पालख्या आल्या की या भागात दोन दिवस काम नसतं. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला. मधल्या बोळात गाडी आत येत नाही आणि बाहेर जात नाही. मिस्त्री त्या दोन दिवसांत वारकऱ्यांच्या पाणी-चहाच्या टेंपोंचं काम फुकट करतात, आणि भाडं तेवढंच भरतात.

दुपारी २.३०

लेथ भवानी पेठेत, तीन बोळ पलीकडे. खोली गॅरेजपेक्षाही लहान. लेथ जुनी, पट्ट्यावर चालणारी. टर्नर पन्नाशीतला, चष्मा दोरीने बांधलेला. पाण्याच्या मोटरच्या शाफ्टचं काम चालू आहे, ते संपेपर्यंत थांबायचं. अर्धा तास.

मग तो नॉब बघतो, मिस्त्रींनी आणलेला बोल्ट बघतो, कोपऱ्यातल्या डब्यातून पितळी सळईचा तुकडा काढतो. चकमध्ये धरतो. आधी मध्ये भोक, सरळ, लेथवरच. मग टॅप मारून आटे. टॅपही अर्धा पुढे, पाव मागे. मग बाहेरून माप. नॉबचं भोक त्याने व्हर्नियरने मोजलंय. गमाचे अवशेष ड्रिलने साफ करून घेतलेत. बुश भोकापेक्षा केसभर जाड ठेवतो. शेवटी बाहेरच्या अंगाला नर्लिंगचं चाक दाबतो आणि पितळावर आडव्या-उभ्या बारीक रेघा उमटतात. मधोमध एक खाच फिरवतो. पार्टिंग टूलने कापतो. बुश तेलाच्या डब्यात पडते. चौदा मिनिटं लागली.

"गमवर विसंबू नका," टर्नर म्हणतो. "काच बंद गाडी उन्हात उभी केली तर गम मऊ पडतो. धरायचं काम या नर्लिंगनं करायचं. खाचेत गम भरला की वर निसटायचं नाही."

सकाळी किटलीतल्या पाण्याने जे साधलं, तेच ऊन रोज थोडं थोडं करत होतं. काकांना ते लगेच पटतं. ते म्हणतात, दर उन्हाळ्यात नॉब जास्त फिरायचा, पावसाळ्यात कमी, मला कारण कळत नव्हतं.

टर्नर वाइसमध्ये, दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये नॉब धरतो, खाचेत गम भरून बुश तोंडाशी ठेवतो आणि हँडल हळूहळू फिरवतो. बुश आत दाबली जाते. घाई केली तर प्लॅस्टिक चिरतं. आत गेल्यावर तो बोल्ट लावून डोळ्यासमोर धरतो, बोल्ट सरळ उभा आहे का बघतो. आहे.

दीडशे रुपये. पितळ त्यातच. मिस्त्री ऑनलाइन देतात, टर्नरचा फोन पैसे आल्याचं मोठ्याने सांगतो.

दुपारी ३.५०

गॅरेजवर गर्दी. सँट्रोवाला येऊन बसलाय, त्याची वायर पोराने बसवलीय पण क्लच वर लागतो. मिस्त्री खाली जाऊन नट तीन वेढे फिरवतात. झालं. वायरचे साडेतीनशे, मजुरी दोनशे. एक रिक्षावाला हॉर्न वाजत नाही म्हणून थांबलाय. वायर सुटली होती. त्याच्याकडून काही घेतलं नाही.

काका या वेळात बाहेरच्या बाकड्यावर. त्यांच्या पायाशी मांजर झोपलंय.

दुपारी ४.२०

बसवणं. रॉड पुन्हा एकदा पुसला. आधी कव्हर. जुनं रेक्झिनचं कव्हर कडेने फाटलेलं, त्यातून गरम हवा आणि इंजिनाचा आवाज वर यायचा. नवं नव्वद रुपयांचं. काकांनी यालाही आधी नको म्हटलं होतं, मग घाटात आवाज कमी येईल म्हणून हो म्हणाले. कव्हर नॉबआधी ओवावं लागतं. पोरगा विसरणार होता, मिस्त्रींनी फक्त कव्हराकडे बोट दाखवलं.

मग पातळ चेकनट, रॉडवर खालपर्यंत. मग नॉब हाताने. पाना नाही, पक्कड नाही. नऊ वेढ्यांनंतर नॉब टेकतो, पण गिअरचा नकाशा ड्रायव्हरकडे न येता डाव्या दाराकडे तोंड करून थांबतो. नव्या बुशचे आटे कुठून सुरू होतील हे कुणाच्या हातात नसतं. आणखी पिळून सरळ करायचा मोह होतो, आणि इथेच बुश पुन्हा सुटते. मिस्त्री नॉब पाऊण वेढा मागे घेतात, नकाशा सरळ करतात, आणि चेकनट खालून वर आणून नॉबला टेकवतात. पातळ पान्याने आवळतात. थोडाच. नॉब आता मागेही जात नाही, पुढेही नाही.

काही जण इथे आट्यांना कडक गम लावतात. मिस्त्री लावत नाहीत. "पुढच्या माणसाला काढायचा असतो," एवढंच म्हणतात.

पुसलेल्या आकड्यांचं काय? पोरगा म्हणतो, पांढरा रंग आहे. बारीक काडीने तो खाचांत रंग भरतो आणि वरचा रंग बोटाने पुसून घेतो. एक, दोन, तीन, चार, आर. आर नीट उमटत नाही, तो दुसऱ्यांदा भरतो. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही लावले नाहीत.

संध्याकाळी ५.०५

चाचणी. काका चालवतात, मिस्त्री शेजारी, मी मागे. बोळातून बाहेर, क्वार्टर गेट चौक, तिथून रास्ता पेठेकडे, केईएमचा सिग्नल. ही वेळ वाहतुकीची. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. काकांचा हात स्टीअरिंगवरून नॉबवर येतो आणि परत जातो, नजर रस्त्यावरच. ते गिअर टाकल्यावर हात लगेच काढून घेतात. दांड्यावर हात ठेवून चालवलं की आतला फोर्क झिजतो, हे बसच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. मिस्त्रींच्या बऱ्याच गिऱ्हाइकांना ही सवय नाही.

परत आल्यावर काका नॉब जोराने पिळून बघतात. हलत नाही. वर ओढून बघतात. येत नाही.

"आता दिसतंय," ते म्हणतात. "दांडाच हलतोय."

"बुश," मिस्त्री म्हणतात.

नॉब फिरायचा तोवर सगळा दोष त्याच्या माथी जात होता. तो घट्ट झाला आणि खालचा ढिलेपणा थेट हाताला लागला.

बिल कागदाच्या तुकड्यावर. लेथ दीडशे, कव्हर नव्वद, गम चाळीस, मजुरी दोनशे. चारशे ऐंशी. जुन्या बाजारातले चाळीस मिस्त्रींनी लावले नाहीत, ते नॉब डब्यात राहिले. काका पाचशे देतात. वीस परत नको म्हणतात. मिस्त्री ते पोराला द्यायला सांगतात. काका पोराला देतात.

संध्याकाळी ७.१०

शेवटचं गिऱ्हाईक अल्टो, फक्त हवा आणि पाणी. मग आवरणं. पोरगा हत्यारं डिझेलने पुसतो, खिळ्यांवर लावतो. एक आकार रिकामा दिसतो, लहान पक्कड. सँट्रोच्या पायदानापाशी राहिली असणार. मिस्त्री फोन करतात. आहे म्हणाला, उद्या आणून देतो.

हिशेब वहीत. वॅगन आर तीनशे, सँट्रो दोनशे, ८०० दोनशे, अल्टो पन्नास. मजुरी साडेसातशे. त्यातून पोराचे चारशे. दोघांचे दिवसभराचे चहा आणि सकाळचे पोहे ऐंशी. पेट्रोल शंभर. जुन्या बाजारातले चाळीस, पाण्याचे पाच. वायर आणि कव्हरवर दुकानदाराने दिलेली सूट मिळून साठ आले. उरले एकशे पंच्याऐंशी, आणि भाड्याचा दिवसाचा वाटाच साडेचारशेच्या वर. उद्या इंडिकाची क्लच प्लेट आहे, ती मजुरी अडीच हजारांची. असे दोन दिवस आठवड्यात आले, की महिना निघतो.

संध्याकाळी ७.४०

फोन. काका. घरी पोहोचले. तिसरा टाकताना दांडा जास्तच हलतो असं वाटतं, उद्या घाटात काही होईल का?

"काही होत नाही. दुसऱ्यावर चढवा, तिसरा टाकायची घाई करू नका. उतरतानाही दुसराच ठेवा, ब्रेक कमी लागेल."

पलीकडून काहीतरी विचारलं जातं.

"सात तारखेपर्यंत थांबायचं नाही. शनिवारी आणा. सेट आणून ठेवतो, पैसे नंतर द्या."

फोन ठेवून मिस्त्री वहीत शनिवारच्या पानावर लिहितात: ८००, लिंकेज बुश, काका. पोरगा शटर ओढतो. मिस्त्री एक कुलूप लावतात, तो दुसरं.